जिवंत माणसाला खांदा

७ एप्रिल, रविवार

आमच्या मोहल्ल्यातली माणसं किती शूर आहेत ते आज कळलं. रक्त द्यायला तयार, भर उन्हात चौकात उभं राहून पाणी वाटायला तयार, भांडायला तर बारा महिने तयार. पण रितिकाने दोन बांबू आणि एक चादर जमिनीवर मांडून "आता कोणीतरी पेशंट म्हणून झोपा" म्हटल्याबरोबर सगळे दोन पावलं मागे सरकले.

रितिका आरोग्य केंद्रातली नर्स. आम्हा स्वयंसेवकांचा गट तिनेच बांधला. ऊन लागलेला माणूस ओळखायचा, त्याला गार करायचं आणि उचलून मोठ्या रस्त्यापर्यंत न्यायचं, एवढं आमचं काम. कारण आमच्या गल्लीत ॲम्ब्युलन्स शिरत नाही. गेल्या मे महिन्यात ऊन लागलेल्या कवडूभाऊंना खुर्चीत बसवून न्यायला निघालो तर खुर्ची घरोघरी अडत होती. प्रत्येक खिडकीला बाहेरून कूलर टांगलेला. एकाच्या स्टँडमधून सोडवावी तर पुढच्यात अडके. समोर ॲम्ब्युलन्स दिसत होती आणि आम्ही पोचत नव्हतो. कवडूभाऊ वाटेतच गेले. खुर्चीचा एक पाय माझ्या हातात होता. तेव्हापासून मला स्वस्थ बसवत नाही. शिवणयंत्रावर बसले तरी एक पाय दाराकडे असतो.

तर बांबू. रितिका म्हणाली, स्ट्रेचर नसेल तर दोन बांबू आणि चादर गुंडाळून असं करता येतं. प्रेमानंदभाऊ ऑटो चालवतात, छाती दारात मावत नाही अशी, पण ते खाली बघून म्हणाले, "मॅडम, बांबूवर माणूस एकदाच निजते."

रितिकाला हसू आलं. आम्हाला कोणालाच आलं नाही.

तेवढ्यात आमच्या सासूबाई, ज्या केवळ तमाशा बघायला आल्या होत्या, पुढे झाल्या. "सरका बाप्पा. मी निजीन. माह्या वयाले कायचं भेव?" आणि लुगडं सावरून ऐटीत आडव्या झाल्या. उचलल्याबरोबर "मेली वं माय, मेली!" असा गळा काढला की चार घरांतून माणसं बाहेर आली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण गटाला पेशंट मिळाला.

१० एप्रिल

प्रेमानंदभाऊंनी बांबूंना लाल-पांढरे पट्टे मारले. आता ते तिरडीचे वाटत नाहीत, रेल्वे फाटकाचे वाटतात.

गोदूबाईंना, म्हणजे सासूबाईंना, सकाळपासून एकच ध्यास: पुन्हा ड्रिल कधी? बाजारातून येणाऱ्या प्रत्येकीला खिडकीतून थांबवून सांगतात, "मी पेशंट हाव नं!" पुढच्या खोलीतल्या त्या खिडकीशीच त्यांची खाट असते. पूर्वी तिथे हातमाग होता. सासरे मागाच्या खड्ड्यात पाय सोडून विणायचे आणि सासूबाई शेजारी बसून धोट्यात घालायच्या सुताच्या कांड्या भरून द्यायच्या. मी लग्न होऊन आले तेव्हा माग बंद पडला होता. मग खड्डा भरून वर फरशी घातली. आमचे हे, शालिकराम, गांधीबागेत ठोक कापडाच्या दुकानात लागले. दुसऱ्यांनी विणलेलं कापड मोजतात.

आज कूलर खाली काढला, वाळ्याच्या नव्या ताट्या बसवल्या आणि आईंच्या, म्हणजे सासूबाईंच्याच, खिडकीला लावला. पाणी सुटल्याबरोबर वाळ्याचा वास आला. आई म्हणाल्या, "आता उन्हाळा सुखाचा." मी मात्र बाहेर जाऊन पाहिलं. आमचा कूलर गल्लीत चांगलाच पुढे येतो.

२१ एप्रिल, रविवार

दुसरं ड्रिल, आणि आमची फजिती.

रितिकाने उष्माघात समजावला. घाम थांबतो, अंग कोरडं आणि तापलेलं लागतं, माणूस भलतंसलतं बरळतो. मग आईंना म्हणाली, "आजी, आज नुसतं ओरडू नका. थोडं बडबडा. तुम्ही कुठे आहात तेच कळत नाही, असं."

आईंनी क्षणभर विचार केला आणि सुरू झाल्या. "कांड्या संपल्या वं! कांड्या आण! धोटा रिकामा चालून राहिला, कांड्या आण!" डोळे असे फिरवले की रितिकासुद्धा टाळ्या वाजवू लागली. पोरं तर जमिनीवर लोळायची बाकी होती. मी पण हसले. म्हातारीत हे होतं हे इतक्या वर्षांत मला माहीत नव्हतं.

पण उचलून निघालो आणि पहिल्याच घराशी अडलो. आता सगळीकडे कूलर लागलेत. स्ट्रेचर वाकडी करून बघितली, तिरपी करून बघितली, आई घसरून पडता पडता राहिल्या. प्रेमानंदभाऊ म्हणाले, "खांद्यावर घेऊ. वरून जाते पाहा आरामात." आणि चौघांनी उचललीच होती, तोच नत्थूजी आपल्या ओट्यावरून कडाडले.

"जिवंत माणसाले खांदा देऊन राहिले काय रे? लाजा वाटत नाही?"

नत्थूजी मोहल्ल्यातले सगळ्यांत जुने. मागाच्या सोसायटीचे कधीकाळचे सेक्रेटरी. त्यांचा शब्द म्हणजे शब्द. चौघांनी बांबू चटका बसल्यासारखे खाली घेतले. एकजण तर पाया पडला आईंच्या. आई म्हणाल्या, "मले चाललं असतं बा," पण त्यांचं कोण ऐकतो.

मग बैठक. खांद्यावर नाही, तर मग गल्ली मोकळी करायची. कूलर गल्लीकडून काढून मागच्या बाजूला लावायचे. सगळे मान हलवत होते आणि एकमेकांकडे बघत होते. कोण सुरुवात करणार? मी उठून उभी राहिले. "आमच्यापासून."

 चांगलं वाटलं, खोटं कशाला लिहू.

२२ एप्रिल

कूलर हलवला. मागच्या खोलीला, जिथे माझं शिवणयंत्र आहे, तिथली खिडकी परसात उघडते. तिथे छान बसला. आईंच्या खोलीत आतच ठेवून पाहिला, पण मग खाटेला जागा उरत नाही आणि हवा उबट होते. त्यांना टेबलफॅन दिला.

यांनी जेवताना विचारलं, "मायच्या खोलीचं काय?"

"दुपारी मागच्या खोलीत येऊन बसतील ना."

"ते येईन काय? तिले गल्ली पायजे."

"मग गल्लीची हवा खातील," मी म्हटलं. यांनी भात कालवायला घेतला. यांचं असंच, विचारायचं आणि सोडून द्यायचं. स्वतः दिवसभर दुकानाच्या एसीत.

आईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "मले काय होते? मी तं पेशंट हाव, मले पयले नेतेत." मला हसू आलं. घरचं माणूस असं पाठीशी उभं राहिलं की बळ येतं.

५ मे, रविवार

बोलून बोलून घसा बसला. पण गल्ली मोकळी होत चालली. कोणी मागे लावला, कोणी गच्चीच्या जिन्यात, कोणी वरच्या मजल्यावर. प्रत्येक दाराशी मी हेच सांगते: आमचा बघा, पहिल्या दिवशी काढला.

फक्त नत्थूजी. त्यांचा कूलर म्हणजे कूलर नाही, कपाट आहे, आणि गल्लीच्या तोंडाशीच, जिथे वाट सगळ्यांत अरुंद. मी गेले तर ओट्यावर बसवलं, चहा दिला, आणि म्हणाले, "सूनबाई, कूलर काढला तं आमी भुंजून निघू. मंग तुमची स्ट्रेचर हायेच न्याले. म्हणजे पेशंट बी तुमीच पैदा करा आन् उचला बी तुमीच."

इतका राग आला. म्हटलं, "कवडूभाऊ तुमच्याच कूलरपाशी अडले होते, नत्थूजी."  चहा तसाच ठेवून मी उठून आले.  आईंनी खिडकीतून सगळं पाहिलेलं. म्हणाल्या, "काहून भांडते वं म्हाताऱ्या माणसाशी?" मी म्हटलं, "तुम्ही पडून राहा." त्या पडल्याच होत्या, पण खाटेवर नाही, खाली फरशीवर, पूर्वी खड्डा होता तिथे. म्हणे, गार लागतं.

१२ मे, रविवार

आजचं ड्रिल देखणं झालं. नत्थूजींचं घर येईपर्यंत कुठेही न थांबता, न अडता. तिथे मात्र बांबू उभे करून, आईंना अर्धवट उठवून, कसंबसं काढलं. रितिका म्हणाली, ते एक सोडलं तर उत्तम.

मग तिने आईंची थट्टा केली. "आजी, तुम्ही फार बोलता. खरा पेशंट पुढे पुढे गप्प होतो."

आई फणकारल्या, "चूप राह्यली तं कोणाले समजन मी बिमार हाव म्हणून?"

सगळे हसले. आई मात्र नेहमीसारख्या लगेच उठल्या नाहीत. बांबूंवर थोडा वेळ तशाच पडून राहिल्या. मी म्हटलं, "संपलं आई, उठा," तेव्हा डोळे उघडले. डोकं दुखतंय म्हणाल्या. भूमिका अंगात भिनली म्हणायची.

१९ मे

पारा चढतोच आहे. मला बरं वाटतं असं लिहिलं तर वाईट दिसेल, पण आमची तयारी झालेली आहे आणि आता ऊन पडलं तर पडू दे, असं आतून वाटतं. दोनदा चौकापर्यंत जाऊन आले. एका गोळीबिस्किटवाल्याला चक्कर आली होती, त्याला सावलीत बसवून मानेला ओलं फडकं लावलं, मीठ-साखरेचं पाणी दिलं. उठून गेला. प्रेमानंदभाऊ म्हणाले, "वहिनी, तुमी तं डॉक्टरीणच झाल्या." हेच वाक्य आमचे हे म्हणतात तेव्हा टोचतं, त्यांनी म्हटलं तेव्हा गोड लागलं.

शाळेच्या गणवेशांचं शिवण येऊन पडलंय. मागची खोली गार असते म्हणून होतंय तरी. आईंना दोनदा हाक मारली इकडे या म्हणून. "इथून कोण आलं, कोण गेलं, दिसत नाही," म्हणतात. जेवण कमी झालंय. उन्हाळ्यात सगळ्यांचंच होतं.

रात्री आम्ही गच्चीवर झोपतो. आईंना जिना चढवत नाही.

२५ मे

नवतपा लागला, उन्हाळ्यातले सगळ्यांत तापते नऊ दिवस. पेपरात तापमानाच्या यादीत नागपूर पुन्हा वर. यांनी सकाळी निघताना आईंच्या खोलीत डोकावून पाहिलं आणि म्हणाले, "अंजू, इथं भट्टी होऊन राहिली वं."

मी म्हटलं, "मग तुम्ही समजवा त्यांना मागे यायला. माझं ऐकतात का?"

ते खोलीत गेले. मायलेकांचं काहीतरी हळू आवाजात बोलणं झालं. बाहेर आले तर म्हणाले, "म्हणते का अंजूचं नाव झालं गल्लीत, आता कूलरसाठी रडली तं तिची इज्जत जाईन."

हे मला आवडायला हवं होतं का नव्हतं, कळलं नाही. आवडलं. दुपारी पन्हं करून दिलं. अर्धं प्यायल्या.

२७ मे, दुपार

आज नत्थूजींचा सोक्षमोक्ष लावायचाच. रितिकाला फोन केला, ती संध्याकाळी येते म्हणाली. सगळ्या गल्लीच्या सह्या घेऊन जाऊ. हट्टाला एक सीमा असते.

शिवताना दोनदा सुई बोटात गेली. मन जागेवर नाही. म्हणून हे लिहीत बसले. कूलरच्या आवाजात पुढच्या खोलीतून अर्धवट ऐकू येतंय, आईंचा सराव चाललाय. "कांड्या आण वं, कांड्या संपल्या." रविवारला अजून किती वेळ आहे, आणि आज समोर बघायलाही कोणी नाही. तरी म्हातारीची हौस बघा! उठून सांगावं की जरा पडा, दम लागेल. पण उठले की बोलत बसतील आणि माझ्या हातातला शर्ट तसाच राहील.

हं. आता थांबल्या. झोपल्या असतील. बरं झालं. कात्री तिकडेच राहिली वाटतं, जाऊन

३० मे

वरचं वाक्य वाचलं. खोडणार नाही.

कात्री घ्यायला गेले. आई फरशीवर होत्या, खड्ड्याच्या जागेवर. डोळे अर्धे उघडे. मी म्हटलं, "आई, आज ड्रिल नाही." मी हे हसत म्हटलं. मग पाय लावून, हो, पायाने, हलवलं. मग वाकून हात लावला. अंग तव्यासारखं, आणि घामाचा थेंब नाही.

मला सगळं येत होतं. आणि मला काहीही आठवलं नाही. मी पाण्याचा तांब्या आणला आणि त्यांच्या तोंडात ओतायला लागले. शुद्ध नसलेल्या माणसाला पाणी पाजायचं नाही, हे मीच महिलांच्या बैठकीत सांगितलं होतं. नशिबाने प्रेमानंदभाऊ समोरच्या दारात ऑटोची सीट पुसत बसले होते. माझी किंकाळी ऐकून आले, तांब्या हिसकावला, आईंना कुशीवर वळवलं, आणि तेच पाणी अंगावर ओतलं. म्हणाले, "वहिनी, फोन करा, फोन!" मी फोन केला.  कोणीतरी गोळेवाल्याकडून बर्फ आणला. काखेत, मांड्यांत, मानेला लावला. लाल-पांढरे बांबू आले.

आणि आम्ही निघालो. एकही कूलर आडवा नाही. आमची खिडकी मागे गेली, पुढची गेली, त्याच्या पुढची गेली, सगळ्या मोकळ्या. एरवी मी अभिमानाने बघितलं असतं. आई गप्प होत्या. रितिका म्हणाली होती तशा. एकदा तरी ओरडा, आई, एकदा म्हणा मेली वं माय, असं मी मनात म्हणत होते. कदाचित मोठ्यानेही म्हणाले असेन.

नत्थूजींच्या कूलरपाशी अडलो. बांबू उभे करायचे तर त्यांना उठवून बसवायला हवं, आणि मान तर लटकत होती. ॲम्ब्युलन्सचा लाल दिवा दिसत होता. कवडूभाऊंच्या वेळी जसा दिसत होता अगदी तसाच. चौघे पुतळ्यासारखे उभे. मी प्रेमानंदभाऊंना म्हटलं, "वर घ्या ना!" त्यांनी नत्थूजींच्या दाराकडे पाहिलं.

नत्थूजी बाहेर आलेच होते. बनियनवर. ओट्यावरून उतरले, पुढच्या पोराला बाजूला केलं, वाकले आणि स्वतःचा खांदा बांबूखाली दिला. "पाहून काय राहिले? उचला!"

उचललं. आई कूलरच्या वरून अलगद गेल्या. पलीकडे उतरवल्या आणि ॲम्ब्युलन्समध्ये ठेवल्या. काही झालं नाही. आभाळ कोसळलं नाही.

दवाखान्यात डॉक्टर मुलगी होती, माझ्या भाचीएवढी. म्हणाली, वेळेत आणलं, पण वय आहे, चोवीस तास काही सांगता येत नाही. मग लिहून घेताना विचारलं, "घरात कूलर आहे?"

मी म्हटलं, "हो, आहे ना."

तिने लिहून घेतलं. आहेच ना. घरात आहे.

१ जून

आज डोळे उघडले. यांना ओळखलं. मला ओळखलं का कळलं नाही, बघत राहिल्या. डावा हात थरथरतो. डॉक्टर म्हणतात, कमी होईल, किंवा होणार नाही.

हे त्या दिवसापासून दुकानात गेलेले नाहीत. माझ्याशी बोलतात, पण पाणी दे, डबा आण, एवढंच. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मोहल्ल्यातले भेटायला येतात आणि माझी स्तुती करतात. गटाने वाचवलं म्हणतात. एकीने तर पेपरात द्यायला हवं म्हटलं. मी बाहेर जाऊन उभी राहिले.

३ जून

घरी कपडे न्यायला आले होते. आईंच्या खोलीत उभी राहिले. भर दुपार. बसून बघावं म्हणून त्यांच्या जागेवर बसले, टेबलफॅन लावून. तो भट्टीतली हवा तोंडावर फेकतो. थोडा वेळ बसले आणि उठून मागच्या खोलीत पळाले. सकाळी यांनी लावलेला कूलर सुरूच राहिला होता, रिकाम्या खोलीत. वाळ्याचा वास. शिवणयंत्रावर अर्धा शर्ट.

त्या दुपारी मी इथे बसून गारव्यात लिहीत होते. त्या कूलरच्या घरघरीमुळे मला नीट ऐकू आलं नाही, आणि जे आलं त्याला मी सराव म्हटलं. त्या कांड्या मागत होत्या ते नाटक नव्हतं. आणि डॉक्टरला मी कूलर आहे म्हणाले. आहे, माझ्या खोलीत. त्यांच्या खिडकीचा काढून मी तो स्वतःला लावला आणि गल्लीभर सांगत फिरले की बघा, आम्ही किती चांगले.

आणि तो काढायची गरजच नव्हती. पहिल्यांदा अडलो तेव्हाच प्रेमानंदभाऊ म्हणाले होते, खांद्यावर घेऊ. आम्ही जिवंत माणसाला खांदा द्यायला भ्यालो, म्हणून म्हातारीचा गारवा काढून घेतला. हे लिहिताना मला रडू येतंय, आणि रडण्याचाही राग येतोय.

यांना बोलावलं. म्हटलं, कूलर पुन्हा पुढे लावायचाय. हे पाना घेऊन आले. दोघांनी मिळून लावला. स्टँडचा नट आवळताना म्हणाले, "मी बी त्या दिवशी भट्टी म्हटलं आन् दुकानात चालला गेलो." एवढंच. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

७ जून

आई घरी. खाटेवर टेकल्याबरोबर खिडकीकडे मान वळवली आणि कूलर बघितला. "आला काय वापस?" म्हणाल्या. मग मला म्हणाल्या, "तुही इज्जत?" मी म्हटलं, "गेली तर जाऊ दे." त्या दिवसाचं त्यांना काहीच आठवत नाही. ड्रिलचं सगळं आठवतं.

संध्याकाळी नत्थूजी आले. ओट्यावरच बसले, आत आले नाहीत. म्हणाले, "सूनबाई, मी कूलर काढून टाकतो. माहा हट्ट होता." मी म्हटलं, "काढाल तर माझ्याशी गाठ आहे." 

९ जून, रविवार

ड्रिल होतं. रितिका म्हणाली होती या वेळी राहू द्या. मीच आग्रह धरला. गल्लीतले बरेच कूलर पुन्हा जागेवर आले आहेत, मीच दारोदार जाऊन लावायला सांगितलं. तीच दारं, तीच मी. लोकांना वाटत असेल, हिचं डोकं फिरलं.

पेशंटची जागा रिकामी. बांबू जमिनीवर, चादर अंथरलेली, आणि पुन्हा सगळे दोन पावलं मागे. आई खिडकीत उशीला टेकून बघत होत्या. एक-दोघांनी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी हात हलवून नाही म्हटलं. "आता नाही बा. आता मले खरं वाटते."

मी चपला काढल्या आणि झोपले. बांबू पाठीला लागतात, हे कधी आईंनी सांगितलं नव्हतं. वर वायरींचं जाळं आणि त्यातून दिसणारं पांढरं आभाळ. प्रेमानंदभाऊंनी कमरेपर्यंत उचललं आणि आमच्या कूलरपाशी थांबले.

"खांद्यावर घ्या," मी म्हटलं.

कोणी हललं नाही. जिवंत, धडधाकट, कुंकू लावलेली बाई. मला दिसत नव्हतं, पण सगळ्यांचे श्वास ऐकू येत होते. मग डाव्या बाजूने कोणीतरी वाकलं. हे होते. एकाही ड्रिलला न आलेले. त्यांचा खांदा बांबूखाली आला आणि बांबू वर गेला, आणि मग बाकीचे तिघेही.

मी वर गेले. आमच्या कूलरच्या वरून, वाळ्याच्या वासातून. मला भीती वाटली, खरंच वाटली, आणि मी पडून राहिले. खिडकीच्या वरच्या अर्ध्या भागातून आईंचा चेहरा दिसला, वर माझ्याकडे बघणारा.

"कण्ह ना वं!" त्या ओरडल्या. "अशी मुक्यानं काहून पडली?"

सगळे हसले. माझ्या तोंडून काही निघेना. मग जे निघालं ते हे:

"कांड्या संपल्या, आई."

 खिडकीत त्यांचा थरथरता हात चौकटीवर आला, उठायला आधार शोधत.

"आणून राहिली वं," त्या म्हणाल्या. "थांब जराशी."